जर्मन बाहुलीचं कुंकू

चैत्रगौरीच्या आरासीत आमच्याकडे शंभरेक वर्षांपूर्वीची एक जर्मन बाहुली असते. शेजारी जपानी पंखा आणि चिनी फुलदाणी. गौरीला कुंकू लावणाऱ्या बायका बाहुलीलाही लावतात, त्यामुळे तिचं चिनीमातीचं कपाळ कायमचं लाल झालंय. यंदा माझे हात स्वस्थ बसेनात. ओलं फडकं घेऊन मी तो डाग घासायला लागले.

"अगं, तिला विधवा करतेस का?" जाऊबाई ओरडल्या आणि लगेच त्यांनी जीभ चावली. हे गेल्यापासून मला कोणी कुंकू लावत नाही.

या परदेशी बाईला नवरा आहे का, हे मात्र इतक्या वर्षांत कोणी विचारलं नव्हतं.

मी करंडा उघडून तिला ठसठशीत कुंकू लावलं. बोटाला थोडं उरलं. वाया कशाला घालवायचं? माझ्या कपाळाला लावलं.