अगतिक हा शब्द मला येत होता

ज्या घरात तुम्ही रोज चहा प्यायलात, त्या घरातल्या माणसाचं नाव तुम्ही कधी पत्रकात घातलं आहे का?

मी घातलं आहे. माझ्या हाताने, माझ्या अक्षरात. आणि तेव्हा त्या माणसासाठी खरा शब्द मला येत होता. त्यामुळे अजाणतेपणाची सबब मला नाही.

माझे वडील सातपूरच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात फिटर होते आणि तिथल्या युनियनचे चिटणीस. आमच्या दोन खोल्यांत पुस्तकं नव्हती, पत्रकं होती. कपाटावर, गादीखाली, पिठाच्या डब्याखाली अंथरलेली. शाळेत जाण्याआधीच मला 'निषेध' वाचता येत होतं. 'टाळेबंदी', 'दडपशाही', 'वेतनकरार' हे माझे घरचे शब्द. चौथीत 'आमची सहल' या निबंधात मी बसचा ड्रायव्हर किती तास राबतो ते लिहिलं आणि शेवटी तीन मागण्या केल्या. बाईंनी दहापैकी तीन गुण दिले. बाबांनी तो निबंध युनियनच्या ऑफिसात नेऊन सगळ्यांना वाचून दाखवला.

पत्रकातले शब्द मोठे असतात आणि माणसं घाऊक असतात. कामगार, महिला, जनता. एकटा माणूस पत्रकात येतो तो मालक म्हणून, नाहीतर हुतात्मा म्हणून. मला राग आला तर तो नीट सांगता यायचा. पण रागाखेरीज दुसरं काही वाटलं की तोंडात शब्दच नसायचा. मग मी पोटात दुखतंय म्हणायचे. आई ओवा द्यायची.

नव्वदच्या दशकाच्या मध्याला, मला तेरावं लागलं तेव्हा, युनियनने संप केला आणि मालकाने कारखान्याला टाळं लावलं. सगळे पुरुष घरी आले. आमच्या घरात दिवसभर बैठका चालायच्या, म्हणून आईने मला दप्तरासकट दोन दारं पलीकडे, शेजारच्या काकूंकडे अभ्यासाला पाठवायला सुरुवात केली. काका बाबांच्याच खात्यात, एकाच पाळीत. काकू सायखेड्याच्या, सातवीपर्यंत शिकलेल्या, पण पंचवटीतल्या एका वाचनालयाच्या सभासद होत्या. दर पंधरा दिवसांनी बसने जाऊन पुस्तक बदलून आणायच्या आणि येताना तिथल्या बाजारातून भाजी.

त्यांच्या फळीवर मी आयुष्यातली पहिली कादंबरी पाहिली. जाडजूड, तपकिरी कागदाचं कव्हर घातलेली. हातात घेतली आणि थेट शेवटचं पान उघडलं.

"काय बघतेस गं?"

"मागण्या."

काकू पदर तोंडाला लावून हसत सुटल्या. "अहो, ऐकलं का? पोरगी कादंबरीत मागण्या शोधतीय." मग मला म्हणाल्या, "यात मागण्या नसतात, बाई. एका माणसाचं काय काय झालं, तेवढंच असतं."

"मग लोकांनी वाचून करायचं काय?"

"वाचायचं. लय झालं तेवढं."

ती एका खेड्यातल्या दवाखान्यातल्या कंपाउंडरची गोष्ट होती. डॉक्टर बदली होऊन जातो, नवीन येत नाही, आणि लोक कंपाउंडरलाच डॉक्टर समजायला लागतात. सुरुवातीला मला रागच आला. एवढ्या पानांत तो एकदाही तालुक्याला मोर्चा नेत नाही. पण पुढे जायचं तर शब्द अडायचे. दर पानावर चार-पाच. शंभर पानांच्या एका वहीत मी ते उतरवू लागले.

घरात शब्दकोश नव्हता, काकूंकडेही नव्हता. आणि काकूंना शब्दाचा अर्थ शब्दांत सांगताच यायचा नाही. त्या गल्लीतलं माणूस दाखवायच्या. 'ओशाळणे' विचारलं तर म्हणाल्या, "परवा तुझी आई वाटीभर साखर मागायला आली, आणि माझाच डबा रिकामा. तिला वाटलं असंल, हिला द्यायची नाय. तवा मला झालं ना, ते." 'घालमेल' म्हणजे बसस्टॉपवर उभं राहून गॅस बंद केला की नाही ते आठवणं. 'निर्विकार' विचारलं तेव्हा त्यांनी आमच्या दाराकडे बघून आवाज खाली आणला. "तुझे वडील. सभेत. घरात नाय हो."

काका दारात बसून ऐकायचे. मधूनच म्हणायचे, "हिला शाळेत मास्तरीण करायला पाहिजे होती. चुकून माझ्या पदरात पडली."

"चुकून नाय, दोनदा बघून गेला होता तुम्ही," काकू म्हणायच्या.

पहिल्यांदाच मला आपल्या आत काय चाललंय ते ओळखू येऊ लागलं. वर्गात बाईंनी माझ्याऐवजी दुसरीला वाचायला उठवलं, तेव्हा मला पोटात दुखत नव्हतं, मी हिरमुसले होते. ते कळल्यावर इतकं बरं वाटलं, की मी त्या दिवशी घरी येऊन आईला सांगितलं. आई म्हणाली, "बरं. ओवा वाचला."

काकूंच्या गळ्याला गाठ होती. सुपारीएवढी होती तेव्हा मी पाहिली होती; आता ती पदराखाली लपत नव्हती. ऑपरेशन करावं लागेल असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. ते काकांच्या कामगार विम्याच्या कार्डावर होणार होतं, आणि माणूस कामावर नसेल तर ते कार्ड फार दिवस चालत नाही. हे कुणी माझ्यापासून लपवलं नव्हतं. त्या घरात माझ्यासमोरच सगळं बोललं जायचं.

कादंबरीत एका ठिकाणी कंपाउंडरसमोर तापाने फणफणलेलं मूल आणतात आणि त्याच्याकडे बाटलीत नुसतं गुलाबी औषध असतं. तिथे शब्द आला.

"काकू, अगतिक म्हणजे?"

काकू मेथी निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. हातातली काडी तेवढी दाराकडे केली. काका उंबऱ्यावर बसले होते. हातात विम्याचं कार्ड. पुढची बाजू वाचली, उलटलं, मागची वाचली, परत पुढची.

मी वहीत लिहिलं, 'अगतिक – काका कार्ड बघतात तसं.'

टाळेबंदीच्या पाचव्या महिन्यात व्यवस्थापनाने नोटीस लावली. चांगल्या वर्तणुकीच्या हमीपत्रावर जो सही करेल त्याला कामावर घेऊ. खिडक्यांना जाळ्या ठोकलेली एक बस चौकात यायला लागली. पहिल्या दिवशी रिकामी गेली. चौथ्या दिवशी तिच्यात सात जण होते, आणि काका त्यांतले एक. डबा त्यांनी पिशवीत नाही, शर्टाच्या आत धरला होता.

दुपारी बाबा स्टेन्सिल घेऊन आले. तेव्हा आमची पत्रकं सायक्लोस्टाइलवर निघायची. मेणाच्या कागदावर टोकदार लेखणीने अक्षरं कोरायची. जोर जास्त झाला तर कागद फाटतो, कमी झाला तर शाई उतरत नाही. माझा हात एकसारखा चालायचा, म्हणून अकराव्या वर्षापासून हे काम माझं होतं आणि मला त्याचा अभिमान होता.

"लिही," बाबा म्हणाले. "मथळा मोठा. गद्दारांना ओळखा. खाली नावं."

तिसरं नाव काकांचं होतं. माझा हात थांबला.

"काय झालं?"

"काही नाही. हात भरून आला."

बाबांनी फडकं ओलं करून माझ्या मनगटावर ठेवलं. शेजारी बसले. "मला काय आनंद होतोय का?" ते हळूच म्हणाले. "एकाला सूट दिली तर उद्या त्या बसमध्ये चाळीस जण दिसतील. मग उरलेल्यांच्या पोरांचं काय?"

ते बरोबर होते. हे मी आजही म्हणते. बस भरली असती तर संप मोडला असता, आणि ती बस मालकाने पाठवली होती, काकांनी नाही. पण पत्रकात मालकाबद्दल दोन ओळी होत्या आणि सात माणसांबद्दल पानभर. मी तेरा वर्षांची होते. मजकूर बदलणं माझ्या हातात नव्हतं. तोंड मात्र मला होतं. 'बाबा, काका गद्दार नाहीत, अगतिक आहेत, गाठ वाढलीय,' एवढं म्हणता आलं असतं. बाबा ओरडले असते, किंवा गप्प झाले असते. मला माहीत नाही, कारण मी बोललेच नाही. चहा प्याले, काकांचं नाव कोरलं आणि मग उरलेली चार. शेवटची ओळ सगळ्यात सुबक आली. बाबांनी पाठीवर थाप मारली तेव्हा मला छान वाटलं. तेही लिहायला हवं.

दुसऱ्या दिवशी पत्रक चौकात, किराणा दुकानाच्या खांबावर आणि आमच्या गल्लीतल्या नळाजवळच्या भिंतीवर लागलं. काकूंची कळशी रांगेत असायची, ती कुणीतरी उचलून शेवटी ठेवली. कुणी शिवी दिली नाही. बायका नुसत्या बोलायच्या थांबल्या. काका बसमधून उतरले की पोरं 'तीन नंबर, तीन नंबर' ओरडायची, कारण यादीत त्यांचा नंबर तिसरा होता.

मी काकूंकडे जायचं बंद केलं. कादंबरी आमच्याच घरी होती, साठेक पानं राहिलेली. ती मी उघडली नाही.

आठवड्याने काकू आमच्या दारात आल्या. आत आल्या नाहीत.

"पुस्तक वाचून झालं का गं? चारदा तारीख वाढवून घेतली, आता परत करायला लागंल."

मी पुस्तक घेऊन त्यांच्या घरी गेले. काका कामावर होते. काकूंनी डब्याखालून पत्रक काढलं आणि माझ्यासमोर ठेवलं.

"दोन महिने माझ्यासमोर शब्द उतरवत होतीस," त्या म्हणाल्या. "तुझं अक्षर मला कळणार नाय?"

मी पत्रक उलटं केलं.

"यांना सांगितलं नाय मी. ते म्हणतात, बाहेरून कुणीतरी लिहून आणलं असंल. ऱ्हाऊ दे तसंच. ते तुझं लय कौतुक करत्यात." मग, खरंच जाणून घ्यायचं असल्यासारखं त्यांनी विचारलं, "तुला दुसरा शब्द येत नव्हता, असं तर नाय ना?"

"येत होता."

"मग?"

मला रडू आलं नाही. आलं असतं तर त्यांनी जवळ घेतलं असतं, आणि सगळं तिथेच मिटलं असतं. मी पुस्तक फळीवर ठेवलं आणि निघून आले. कंपाउंडरचं पुढे काय झालं ते मला आजही माहीत नाही.

काकूंचं ऑपरेशन झालं. काकांच्या कार्डावरच झालं. गाठ साधी नव्हती. वर्षभरात कारखाना कायमचा बंद पडला, यंत्रं ट्रकवर चढवून दुसऱ्या राज्यात नेली, आणि सही केलेले, न केलेले, सगळे सारखेच बाहेर पडले. बाबा गंगापूर रोडवरच्या एका इमारतीत वॉचमन झाले. काका-काकू सायखेड्याला गेले. पुढच्या उन्हाळ्यात काकू गेल्याची बातमी आली. बाबा दहाव्याला गेले नाहीत. मीही गेले नाही. बसने एक तासाचा रस्ता आहे.

मी गेले ते सात वर्षांनी, कॉलेजात स्वतःची पत्रकं लिहू लागल्यावर. काका मेहुण्यांच्या शेतात झेंडू तोडत होते. मला ओळखलं, पाणी दिलं, बाबांची तब्येत विचारली. मग क्रेटमध्ये फुलं भरत बसले. मीही भरू लागले.

"काका, ते पत्रक मी लिहिलं होतं."

"माहीत हाय."

"काकूंनी सांगितलं?"

"नाय. ती शेवटपर्यंत म्हणायची, बाहेरच्यानं लिहिलं. पण ती खोटं बोलली की मला कळायचं." त्यांनी एक सडकं फूल बाजूला टाकलं. "आन् त्यात खोटं काय होतं? गेलोच होतो की मी. फकस्त तिनं त्या दिसापासून नळावर जायचं सोडलं. पाणी मी भरायचो, सगळ्यांचं भरून झालं की."

"मी आधी यायला पाहिजे होतं."

काकांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. "आधी आली असतीस तर तिला बोलता आलं असतं," ते म्हणाले. "लय वाट बघितली तिनं."

मी अजून पत्रकं लिहिते. संपाच्या बाजूनेच लिहिते, आणि बस पाठवणाऱ्याचं नाव सगळ्यात वर, सगळ्यात मोठं लिहिते. ते सोडायला मी तुम्हाला सांगणार नाही. मी एवढंच मागते. तुम्ही कधी एखाद्या साध्या माणसाचं नाव फळ्यावर, भिंतीवर, पत्रकात किंवा भर सभेत घेतलं असेल आणि त्याच्या घरात काय चाललंय ते तुम्हाला ठाऊक असेल, तर तो माणूस कुठे राहतो ते आज शोधा. त्याच्या घरातली माणसं जिवंत आहेत तोवर, या रविवारी, त्याच्या दारात जा. काय बोलायचं ते ठरवून जाऊ नका. जा, बसा, आणि त्यांना बोलू द्या.