लाकडी जहाज आणि आईचा तवा

टण्ण! आई तव्यावर कालथा आपटायची, त्याचा हा आवाज. साठ वर्षं झाली, अजून पहाटे कानात वाजतो. त्याच आवाजानं यंदा मला उज्जैनहून वास्कोला नेलं.

माझा धाकटा भाऊ वसू नौदलात होता, समुद्रातले सुरुंग काढणाऱ्या जहाजावर. आई गेल्यावर तिचा लोखंडी तवा मी त्याला पाठवला. तो परत आला. चिठ्ठीत एकच ओळ: 'इथं चालत नाही.' मला ते फार झोंबलं. मुलीच्या लग्नात, भरल्या मांडवात व्याह्यांना म्हणालो, "हे आमचे धाकटे. समुद्रात झाडू मारतात." वसू न जेवता निघून गेला. रागानं मी तवाही भंगारवाल्याला देऊन टाकला. त्याला वीस वर्षं झाली. बोलणं नाही.

भोपाळला गाडी बदलून मडगाव. ज्येष्ठांनी खालचा बर्थ आधीच मागून ठेवावा. हिनं पुऱ्या आणि शेव बांधून दिली. वसूसाठी उज्जैनातल्याच भैरवगढची छापील चादर घेतली. माधव नगरातला ऑटोवाला हसला, "काकाजी, इस उमर में गोवा?" उभा जन्म पोरांना समुद्राच्या कविता शिकवल्या, समुद्र पाहिलाच नव्हता, हे त्याला काय सांगणार!

मडगावहून वास्कोला बस आहे. वसूच्या घराला कुलूप. शेजारच्या सावंतांनी, म्हणजे त्याच्या जहाजावरच्या जुन्या सोबत्यानं, मला बंदराकडं नेलं. फाटकाबाहेरून दिसलं तेवढंच. पाणी तेलकट, गढूळ. माझ्या कवितांमधलं नव्हतं ते.

"तुमची जहाजं कुठली?"

"गेली. म्हातारी झाली, निवृत्त केली. नवी अजून यायचीत. लाकडाची होती आमची."

"युद्धनौका, आणि लाकडाची?"

"काही सुरुंग लोखंडाला ओळखतात, मास्तर. वरून लोखंड गेलं की फुटतात. म्हणून जहाज लाकडाचं. साधा डबा जहाजावर न्यायचा तरी विचारावं लागे. मोठ्या नौका निघायच्या, त्याआधी आम्ही पुढं जाऊन वाट साफ करायची. चुकलं, तर आधी आम्ही." पाण्याकडं बघत म्हणाले, "एका तव्यासाठी वसू रडला होता. दोन दिवस धक्क्यावर ठेवला, मग पार्सल केला."

"मला सांगितलं का नाही त्यानं?"

"तुम्ही विचारलंत?"

मी वसूचा नंबर मागितला. "त्याला विचारून देतो. पण आशा धरू नका. तुमचं नाव काढलं की उठून जातो." चादर त्यांच्याकडं ठेवून परतलो. रात्रंदिवस गाडीत बसून होतो, पुऱ्या तशाच राहिल्या.

घरी येऊन आठ दिवस झाले. सगळे विचारतात, वास्कोत पाहण्यासारखं काय? मी तर एक कुलूप पाहिलं. वीस वर्षं आधी गेलो असतो तर दार उघडं मिळालं असतं.

इथवर लिहिलं आणि कडी वाजली. ही दार उघडून तिथंच थबकली. वसू. पार पांढरा झालेला, खांद्यावर भैरवगढची चादर. माझ्याकडं न बघता चपला काढल्या आणि हिला म्हणाला, "वहिनी, आता जमिनीवर राहतो. लोखंड चालतं. आईचा तवा द्या."