पित्ताच्या गोळ्या

सासूबाईंनी तीन महिन्यांत चार डॉक्टर नापास केले. गिरगाव सोडून शिवडीला आल्यापासून त्यांचा हाच उद्योग. पहिला तपासताना फोनवर बोलत होता. दुसऱ्याने जीभ बघितली नाही. तिसऱ्याने नाव न विचारताच गोळ्या लिहिल्या. चौथा त्यांना 'आजी' म्हणाला, ते तर फारच लागलं.

सगळ्यांना मोजमाप एकच, मसुरकर डॉक्टर. आमच्या चाळीत तळमजल्यावर त्यांचा दवाखाना होता. चाळ पाडायला घेतली तेव्हा डॉक्टरही सगळं आवरून मुलाकडे नाशिकला गेले. जाण्याआधी कपाटातल्या फायली त्यांनी स्वतः घरोघर नेऊन दिल्या. एका घराची एक फाइल, कर्त्या माणसाच्या नावाची. आमच्या फायलीवर माझ्या सासऱ्यांचं नाव, दत्ताराम. ते जाऊन दीड वर्ष झालं होतं. माझ्या नवऱ्याच्या, वैभवच्या गोवरापासून माझ्या बाळंतपणापर्यंत सगळं त्यात होतं म्हणे, पण ते इंग्रजी अक्षर आम्हाला कोणालाच लागत नव्हतं. सासूबाईंनी ती फाइल चांगल्या साड्यांच्या खाली ठेवली होती.

नवा डॉक्टर मिळेना म्हणून त्या बीपीची गोळी अर्धी करून एक दिवसाआड घेत होत्या, याचा मला पत्ताच नव्हता. त्या ओट्यापाशी चक्कर येऊन बसल्या तेव्हा कळलं. मी संतापले. "आई, पुरे झाली तुमची परीक्षा. उठा," म्हटलं, आणि साड्यांखालची फाइल घेऊन टॅक्सीने डॉक्टर जोॲनाकडे नेलं.

ही मुलगी तिशीतली, शांत. "बसा मावशी," म्हणाली आणि फाइल पहिल्या पानापासून वाचायला लागली. सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं. ही चालेल, असं त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. मला हायसं वाटलं.

"अंकलना हार्टचा त्रास किती वर्षं होता?" डॉक्टरने विचारलं.

"हार्टचा नाही हो. पित्त होतं त्यांना. गणपती झाल्यावर चार दिवसांनी झोपेतच गेले. तोवर धडधाकट. रोज सकाळी पित्ताची गोळी मी माझ्या हाताने द्यायचे."

मसुरकर गोळ्या कागदाच्या पुडीत बांधून द्यायचे. त्यांवर नाव कुठलं असायला?

डॉक्टर पुन्हा पानाकडे वळली. "पण या तर हार्टच्या गोळ्या आहेत. ऑपरेशनला नको म्हणाले, असं लिहिलंय. आणि खाली..."

"वाचा," सासूबाई म्हणाल्या.

"पत्नीला सांगू नये, अशी पेशंटची विनंती."

तारीख सासूबाईंनीच विचारली. ते गेले त्याच वर्षीचा फेब्रुवारी.

मला लगेच तो शिमगा आठवला. सासरे म्हणत होते, यंदा पालखीला गावी जाऊ. माझ्या मुलीची दहावी होती. सासूबाई गावी गेल्या असत्या तर घरचं सगळं माझ्यावर पडलं असतं. त्या म्हणाल्या, "पुढच्या वर्षी जाऊ. पालखी काय पळून जातेय?" मी तिथेच पोळ्या लाटत होते. मला बरंच वाटलं होतं, हे आज कबूल करते.

मसुरकरांचा मला भयंकर राग आला. सासऱ्यांचाही आला. मेलेल्या माणसावर रागावून करणार काय? फाइल देताना डॉक्टर ते पान विसरले की त्यांनी मुद्दाम राहू दिलं, तेही आता त्यांना कसं विचारायचं?

जोॲनाने बीपी बघितलं. खूपच वाढलेलं होतं. तिने नवा कागद घेतला तशी सासूबाईंनी त्यावर तळहात ठेवला.

"माझ्या कागदावर असलं काही लिहायचं नाही. काय असेल ते मला सांगा, हिलाही सांगा."

"प्रॉमिस, मावशी," ती म्हणाली.

खाली औषधाच्या दुकानात सासूबाईंनी गोळ्यांचं पाकीट उलटंपालटं केलं. "ही कशाची?" त्यांनी दुकानदाराला विचारलं.

"बीपीची, मावशी."

"नक्की बीपीचीच ना?"

तो हसला. मला हसू येईना. सासूबाई दुकानाच्या पायरीवर बसल्या. लोक त्यांना वळसा घालून जात होते. मी शेजारी बसले आणि त्यांचा हात धरला.

"सुचित्रा, तीनदा विचारलं होतं गं त्यांनी, गावी जाऊया का म्हणून," त्या म्हणाल्या. "तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा मी गोळी हातावर ठेवली आणि म्हटलं, उगाच बोलत बसू नका, पित्त वाढेल."