बेटावरचं लग्न आणि दोन पोती झेंडू

लेकीनं पुण्याहून फोन करून सांगितलं, "आई, लग्न अंदमानात करू. बेटावर, समुद्राच्या काठी." तव्यावरची भाकरी करपली माझी.

"बाप्पा! अकोल्यातले कार्यालयं काय ओस पडले का?" मी म्हटलं. पण दोघांनी नोकरी करून त्यासाठी पैसा बाजूला ठेवला होता आणि जावयाच्या घरचेही तयार होते, मग मी एकटी किती भांडणार? ह्यांनी तर सगळं ऐकून एकच विचारलं, "फुलं कोनाची?"

आम्ही फुलवाले. बार्शीटाकळीच्या रस्त्याला शेत, झेंडू आणि शेवंतीचं, आणि अकोल्याच्या बाजारात हारांचं दुकान. आम्हाला दोन लेकी. थोरली अमरावतीला दिली, तिच्या लग्नात लोक नवरी सोडून हारच पाहत होते. धाकटीच्या गळ्यातला हार आणि कपाळावरच्या मुंडावळ्याही आपल्याच शेतातल्या, आपल्याच हातच्या असाव्यात, एवढंच ह्यांना पाहिजे होतं. दुसरं काही ह्या माणसानं कधी मागितलं नाही.

"बाबा, तिथं हॉटेलवाले सगळं करतात. तुमी फक्त या," लेक म्हणाली.

"फक्त या म्हंजे? मी काय पाहुना हाओ का?" हे दोन दिवस तिच्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी शेतात गेले आणि लग्नाच्या तारखेला बरोबर फुलावर येईल अशा हिशेबानं झेंडूचा एक वाफा लावून आले.

लग्नाची जुळवाजुळव फोनवरच सुरू झाली. तिकडच्या हॉटेलात एक बाई होती, ती फोनवरून आम्हाला वाळू दाखवायची, माड दाखवायची. आमच्या गुरुजींनी दुपारचा मुहूर्त काढला, तर ती हिंदीत म्हणाली, "त्या वेळी तुमच्या मांडवात कमरेएवढं पाणी असेल." मग तिनं भरती-ओहोटीचा तक्ता दाखवला. अख्ख्या वर्षाचा! कोणत्या दिवशी, किती वाजून किती मिनिटांनी पाणी चढणार आणि कधी उतरणार, सगळं लिहिलेलं. चंद्र तिकडं आभाळात, पाणी इकडं खाली, आणि एक मिनिट मागंपुढं नाही! माझ्या अंगावर काटाच आला. गुरुजींनी फोनलाच हात जोडले आणि पंचांग पुन्हा उघडून ओहोटीतला गोरज मुहूर्त काढला.

निघायच्या दिवशी पहाटे आम्ही दोघांनी फुलं तोडली. दोन पोती भरली. बाजाराला पाठवताना भरतो तशीच, केळीची पानं खाली, फुलांवर भरपूर पाणी मारलेलं, वरून ओलं बारदान. आमच्याकडची हवा इतकी कोरडी की पाणी मारलं नाही तर दुपारपर्यंत फुलाचा कागद होतो. पाणी मारू नये असं कुणाच्या डोक्यात येणार? माझ्याही आलं नाही.

विमानात बसायची आमची पहिलीच वेळ. हे खिडकीला नाक लावून बसले होते. विमान बदललं, एक मुक्काम केला, मग बोटीत बसलो. मी पूर्णेचा पूर पाहिलेला, मला वाटायचं पाणी म्हणजे तेवढंच. पण हे! निळं म्हणावं तर हिरवं, हिरवं म्हणावं तर तळातली वाळू दिसतेय, आणि पलीकडचा काठच नाही. "अय माय," मी म्हटलं, "एवढं पानी!" बेटावर उतरल्याबरोबर हे वाकले, ओंजळीत पाणी घेतलं, तोंडाला लावलं आणि मोठ्यानं म्हणाले, "अवं, खारट हाय वं! खरंच खारट हाय!" अवघ्या वऱ्हाडासमोर. जावई हसला, मला काही हसू आलं नाही. मीही गुपचूप चाखून पाहिलं.

मग पोती उघडली. वासानंच मी मागं सरकले. आत सगळा काळा लगदा. त्या बेटावर धुतलेला टॉवेल दोन दिवस वाळत नाही, तिथं ओल्या बारदानात कोंडलेलं फूल काय टिकणार! ह्यांनी खांद्यापर्यंत हात घालून तळ चाचपला. एक फूल धड निघालं नाही. हे वाळूत बसले. इतक्या वर्षांत ह्यांचा असा चेहरा मी पाहिला नव्हता.

पण गप्प राहतील तर ते हे कसले! उठले आणि हॉटेलवाल्या बाईला सुई-दोरा मागितला. तिनं चाफ्याची टोपली दिली, ती घेऊन हे स्वयंपाकघराच्या मागं जाऊन बसले. हार ओवता ओवता मुहूर्ताला अर्धाच तास उरला. मी डोकं आपटून घ्यायच्या बेतात होते, तेवढ्यात पिवळी साडी सावरत लेकच तिथं आली. तिनं बापाच्या हातातली सुई काढून घेतली.

"बाबा, उठा."

"दहा मिंटं दे माय. झालाच."

"ताईच्या लग्नातबी तुमी झालाच झालाच म्हनत होते. ताईनं माळ घालतानी तुमाले सगळीकडं पाह्यलं, तुमी मांडवाच्या मागं. आत्याच्या लग्नातबी मागंच. ताईच्या कन्यादानाले धावत आले, हातात सुई तशीच." तिनं सुई टोपलीत टाकली. "मी एवढ्या दूर काहून आनलं तुमाले? इथं तुमचं शेत नाई, दुकान नाई म्हनून. हार कोनाचाबी चालन मले. बाप समोर पायजे."

मी थक्क झाले. एवढा समुद्र पाहून झाले नव्हते तेवढी. त्या दोन्ही लग्नांत मी तिथंच होते की! आणि मला एकदाही कळलं नव्हतं, लाज वाटली माझी मलाच.

हॉटेलवाल्या बाईनंच कसेबसे चाफ्याचे हार ओवले, वेडेवाकडे. ह्यांनी ते पाहिले, तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं. पहिल्या रांगेत येऊन बसले, दोन्ही हात मांडीवर. त्या हातांचं काय करावं हे त्यांना कळत नव्हतं. अंतरपाट धरला. पाणी तक्त्याप्रमाणे मागं सरकत होतं. गुरुजींनी सुरुवात केली, एक झालं, दुसरं झालं, तिसरं झालं. शेवटचं सावधान म्हटलं, अंतरपाट खाली आला, आणि लेकीनं हार घालायच्या आधी मान वळवून बापाकडं पाहिलं.

ह्यांच्या मुठीतल्या अक्षता घामानं भिजून गेल्या होत्या. माझ्याकडं वाकून हळूच म्हणाले, "अवं, मंगलाष्टकं एवढी मोठी रायतात?"