पाय ओळखणारा शिवदास

माझ्या बहिणीचा नवरा शिवदास याच्याबद्दल गावात जे सांगतात, त्यातलं निम्मं खोटं आहे. म्हणे आफ्रिकेत कुणी त्याच्यावर करणी केली आणि त्याची वाचा गेली. कसली करणी आणि कसलं काय! शेवटची दोन वर्षं तो फारसा बोलत नव्हता हे खरं. पण त्याचं कारण आफ्रिकेत नाही, इथं रेवदंड्यात, चावडीपुढं भर दुपारी घडलं. मी तिथं होतो, म्हणून मला माहीत आहे.

मी बाळाजी. रेवदंड्याच्या धक्क्यावर आगबोटीची तिकिटं फाडण्यात माझा जन्म गेला. राही माझी थोरली बहीण. तिचं लग्न शिवदासशी झालं तेव्हा मी इतकासा होतो, आणि त्या माणसाने मला पहिल्याच दिवशी चकित केलं. मांडवात आम्ही पोरं चादरी पांघरून बसलो होतो, नुसती पावलं बाहेर. त्याने एकेकाचं पाऊल बघून नाव सांगितलं. वाळूवर लांबून माणूस येताना दिसला की आपण डोळे बारीक करतो, हा तोवर म्हणायचा, "कान्हा येतोय, आज उजवा पाय झाडतोय, काटा मोडला असंल." आणि काटाच मोडलेला असायचा!

शिमग्यात तर शिवदास म्हणजे राजा. आमच्याकडे रीत अशी, की सोंग दारात आलं की ते कुणी घेतलंय ते ओळखायचं आणि नाव मोठ्याने घ्यायचं. नाव बरोबर निघालं की सोंगाने तिथंच बसकण मारायची, मुखवटा काढायचा आणि सगळ्यांनी टाळ्या पिटायच्या. शिवदासपुढं एक सोंग दहा पावलं टिकलं तर शपथ. लोक पायाला फडकी गुंडाळून यायचे, तरी हा पठ्ठ्या ओळखायचाच.

सन पंचवीसला तो बोटीवर भंडारी म्हणून लागला. भंडारी म्हणजे बोटीवरचा स्वयंपाकी. दारेसलामला एका गोऱ्या साहेबाला त्याच्या हातचं कालवण आवडलं आणि त्याने याला स्वतःकडे ठेवून घेतलं. हा साहेब फोटो काढणारा. आफ्रिकेच्या पोटात गावोगाव फिरायचं, तिथल्या लोकांचे मुखवट्यांचे नाच बघायचे, फोटो काढायचे, जमलं तर मुखवटे पेटीत भरून न्यायचे, हा त्याचा नाद. आधी आगगाडी, मग समुद्राएवढं एक तळं, तळ्यापलीकडे बेल्जम सरकारचा काँगो. तिथं एका नदीकाठच्या गावात त्यांचा मुक्काम दोन महिने पडला.

हे सगळं शिवदासने मला परत आल्यावर सांगितलं. सन अठ्ठावीस असेल. पडवीत जाळं शिवत बसला होता आणि मी म्हटलं, "भावजी, दोन वर्षं झाली येऊन, एकदा तरी सांगा की तिकडचं." मला वाटलं सिंहबिंह सांगेल.

त्याने सांगितलं ते इलुंगाचं. इलुंगा त्याच गावातला, शिवदासच्या वयाचा. स्वयंपाकाला पाणी भरायचा, लाकडं फोडायचा. दोघांचं बोलणं मोडक्या स्वाहिलीत, पण मासळीने त्यांचं जुळलं. इलुंगा नदीत जाळं टाकायचा, आणि शिवदासने त्याला आपल्यासारखी मासळी खारवून वाळवायला शिकवलं. इलुंगाच्या बायकोची दोन मुलं जाऊन आता तिसऱ्या वेळी दिवस भरत आले होते. शिवदासने तिच्यासाठी खारवलेल्या मासळीचं मडकं भरून दिलं होतं.

त्या मुलखात तांब्याच्या खाणी होत्या आणि सरकारची माणसं गावातून तरणे गडी दोरीला बांधून खाणीवर न्यायची. गेलेले फारसे परत येत नसत. चार महिन्यांपूर्वी अशीच माणसं गावात आली, तेव्हा रानातून एक मुखवटा निघाला आणि त्याने काठीने त्यांना झोडपून पळवून लावलं. यादी लिहिणाऱ्याचा हात मोडला. तिथल्या गोऱ्या अंमलदाराने सगळ्या गावाला विचारलं, मुखवट्यात कोण होता? गाव म्हणालं, त्यात माणूस नव्हता, ते रानातून आलं. म्हाताऱ्यांनी तेच सांगितलं, बायांनी तेच सांगितलं. अंमलदार रानाला थोडाच बेड्या घालणार! इलुंगानेही शिवदासला बजावून ठेवलं होतं, "मुखवटा दिसला तर त्याच्याकडे निरखून बघायचं नाही. त्यात माणूस नसतो."

"मला वाटलं," शिवदास म्हणाला, "आपल्या शिमग्यासारखंच हाय. तोंडानं म्हनायचं वळखत न्हाय, आनि मग वळखायचं."

फोटोवाल्या साहेबासाठी अंमलदाराने हुकूम सोडून नाच करवला. स्वतः खुर्ची टाकून बसला. त्या दिवशी इलुंगा कामाला आला नाही, भावाकडे जातो म्हणाला होता. सकाळी ढोल सुरू झाले आणि रानाच्या कडेने मुखवटा आला. लाकडाचा, तोंडभर काळ्यापांढऱ्या रेघा कोरलेल्या, हनुवटीखाली वाखाचा जाड झुबका, अंगभर विणलेलं जाळं. बाया मागे सरल्या. आणि तो नाचत नाचत शिवदासच्या पुढं आला.

फाल्गुन चालू होता. शिवदासने बोटांवर दिवस मोजून ठेवले होते, घरी होळी लागली असेल हे त्याला माहीत होतं. समोर पाय नाचतोय, डाव्या पायाची करंगळी बाहेर फेकलेली, टाच आधी टेकवायची लकब. दोन महिने रोज पाणी घेऊन येणारा पाय. याला राहवतंय कुठं! याने दोन्ही हात वर करून आरोळी ठोकली, "इलुंगा! ओळखला रे, इलुंगा!" आणि टाळ्या वाजवल्या.

ढोल थांबले. बायांनी तोंडं झाकून घेतली. मुखवटा जागच्या जागी उभा राहिला, मग पाठ फिरवून रानात गेला. शिवदास एकटाच टाळ्या वाजवत होता.

"चुकून झालं हो," मी म्हटलं. मला त्याची दया येत होती.

"थांब," तो म्हणाला. "संपलं न्हाय."

अंमलदाराने त्याला तंबूत बोलावलं. माझ्या माणसांना झोडपणारा मुखवटा हाच, कुठलं नाव घेतलंस, पुन्हा सांग. शिवदास म्हणाला, मस्करी केली, मला काही ठाऊक नाही. अंमलदाराने त्याचे परवान्याचे कागद मागून घेतले आणि म्हणाला, मग त्याच्या जागी तू खाणीवर जा. शिवदासने नाव पुन्हा सांगितलं. शुद्धीत, सावकाश, आणि घरही बोटाने दाखवलं.

इलुंगाला गळ्यात दोरी घालून नेलं. दुसऱ्या दिवशी त्याची बायको आली, मासळीचं मडकं जसंच्या तसं चुलीपाशी ठेवलं आणि निघून गेली. साहेबाबरोबर आणखी सात-आठ महिने फिरून परतताना तळ्याच्या बंदरात शिवदासला खाणीवरून सुटलेला एक गडी भेटला. त्याच्याकडून कळलं, इलुंगा सहा महिन्यांत दरडीखाली गेला. पोराचं काय झालं ते कुणालाच माहीत नव्हतं.

माझं डोकं फिरलं. तेव्हा मी तिशीतही नव्हतो, आणि माझ्या तोंडाला लगाम कधीच नव्हता. मी म्हटलं, "भावजी, पहिल्यांदा जीभ घसरली, समजू शकतो. दुसऱ्यांदा काय झालं होतं? एका बाईचं वाटोळं केलंत तुम्ही. मी असतो तर म्हटलं असतं, न्या मला." मोठा आलो होतो सांगणारा! शिवदासने मान खाली घातली आणि जाळं शिवत राहिला. त्या दिवसापासून मी त्याच्याशी तुटकच वागत होतो. शिमग्यात तो घरातून बाहेर पडत नसे, तेव्हा मी राहीला मुद्दाम विचारायचो, "काय गं, तुझा राजा कुठंय?"

सन बत्तीस उजाडलं. काँग्रेसवर बंदी, पुढारी तुरुंगात, आणि पत्रक नुसतं जवळ सापडलं तरी माणूस आत. ती पत्रकं मुंबईहून आगबोटीने यायची आणि धक्क्यावर माझ्या हातात पडायची. शिमग्याच्या दिवशी मी राक्षसाचं सोंग घेतलं, लाल मुखवटा, खाली बायकोचं लुगडं, आणि भर बाजारात नाचत नाचत लुगड्याच्या पदरातून पत्रकं उधळली. एक पत्रक फौजदाराच्या टोपीवर बसलं. बाजार खदखदून हसला! मी नारळाच्या वाडीत पळालो, मुखवटा वाळूत पुरला, आंघोळ केली आणि जेवायला बसलो. धक्क्यावरून पडून माझा डावा पाय लहानपणीच मोडला होता, तो आत वळतो. त्याची मला आठवणसुद्धा झाली नाही.

पण मीठ आणायला शिवदास बाजारात आला होता.

जेवण होतंय तोवर शिपायांनी गावातले सगळे पुरुष चावडीपुढं आणून रांगेत उभे केले. फौजदार विचारतोय, सोंगात कोण होता, आणि रांग म्हणतेय, शिमग्याचं सोंग, कोण ओळखणार? मग कुणा दारुड्याने बरळावं, "शिवदासला विचारा, त्यो पाय बघून सांगतो." फौजदाराचा चेहरा फुलला. त्याने सगळ्यांना वहाणा काढायला लावल्या आणि शिवदासला पुढं ओढलं. "बघ एकेक पाय. खोटं बोललास तर तुलाच आत घालीन."

शिवदास खाली बघत रांगेवरून चालत आला. ज्याला मी चार वर्षं टोचून टोचून बोललो, त्याच्या एका शब्दावर माझी बायकामुलं उघड्यावर पडणार होती. तो माझ्यापुढं थांबला. माझ्या पायाकडे बघितलं. मग वर, माझ्या डोळ्यांत बघितलं. आणि पुढं गेला.

रांग संपली. फौजदार म्हणाला, "बोल."

"त्यात मानूस नव्हता, साहेब," शिवदास म्हणाला.

"काय?"

"दर्यातनं आलं आनि दर्यात गेलं. त्यात मानूस नव्हता."

पहिला दंडुका कानशिलावर बसला. मग फौजदाराने त्याचे हात चावडीच्या पायरीवर धरायला लावले. दर फटक्यागणिक प्रश्न तोच, आणि याचं उत्तर तेच. मी चार हातांवर उभा होतो. पाऊल पुढं टाकायचं, दुसरं काही करायचं नव्हतं. "साहेब, मी होतो," तीन शब्द. ते माझ्या तोंडातून निघाले नाहीत. मी माझ्या पायांकडे बघत उभा राहिलो, आणि तो खाली कोसळेपर्यंत तसाच होतो.

एक कान कायमचा गेला, बोलणंही तुटत गेलं. दोन्ही हातांची बोटं वाकडी जुळली. जाळं शिवणं संपलं, चूल संपली, राही त्याला घास भरवू लागली. मी आठ दिवसांनी गेलो, त्याच्याजवळ बसलो आणि "भावजी, मी..." एवढंच बोललो. त्याने वाकडा हात माझ्या तोंडावर ठेवला. "गप. नाव घेऊ नको. राहीला तर कधीच नको, तिला भाऊ एकच हाय."

त्याने सांगितलं म्हणून मी गप्प राहिलो, असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगत होतो. खोटं आहे ते. मी भ्यालो होतो, आणि नंतर लाजलो.

सन चौतीसच्या पावसाळ्यात शिवदास गेला. राही पुढं वीस वर्षं जगली. मी रविवारी तिच्याकडे जेवायला जायचो. ती त्या सोंगातल्या माणसाला शिव्याशाप द्यायची, त्याच्या घरादाराला, त्याच्या पोराबाळांना, आणि बोलता बोलता माझ्या ताटात माशाचा मोठा तुकडा वाढायची.

"तू तर रांगेत व्हतास, बाळाजी," ती दर वेळी म्हणायची. "कोन व्हता रं त्यो?"

"मला काय ठाऊक, बाय," मी म्हणायचो, आणि जेवायचो.