दैवाच्या पुजाऱ्याला तीन कौल

दोन हजार सालाच्या आगेमागे आम्ही चौघे दर रविवारी दौंडच्या रेल्वे क्वार्टरमध्ये एक खेळ खेळत असू. पुण्याहून आणलेल्या झेरॉक्स पुस्तकावर तो चालायचा. एक जण गोष्ट सांगणार, बाकीचे त्या गोष्टीतली पात्रं होणार. कोणी लढवय्या, कोणी चोर, कोणी पुजारी. पात्राला काय जमलं आणि काय फसलं, ते फासे ठरवणार. गोष्ट सांगणारा क्वार्टरमधलाच, रेल्वेतल्या फिटरचा मुलगा. दुसरा त्याचा वर्गमित्र. तिसरी त्यांच्याच वर्गातली, न्हावऱ्याहून एसटीनं येणारी मुलगी. चौथा मी. तेव्हा मी एका दैनिकाला तालुक्याच्या बातम्या पाठवत असे, म्हणून वही माझ्याकडे.

पुस्तकात युद्धाचे, औषधाचे, वादळाचे पुजारी होते. दैवाचा नव्हता. तो आम्ही तयार करायला घेतला. पहिली शक्ती सटवाईवरून सुचली: समोरच्याचं कपाळ वाचायचं आणि त्याचा पुढचा फासा आधीच ओळखायचा. दुसरी शक्ती कौलाची. गावाकडे देवाच्या दोन्ही खांद्यांवर ओल्या पाकळ्या चिकटवून प्रश्न विचारतात. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. आमच्या खेळात सम म्हणजे उजवी, विषम म्हणजे डावी. गोष्ट सांगणाऱ्यानं त्यात भर घातली: पुजारी मोठा असेल तर त्याला एकच प्रश्न तीनदा विचारता यावा.

मुलीनं माझ्या हातातली पेन्सिल घेतली आणि ती ओळ खोडली.

"कौल एकदाच असतो," ती म्हणाली.

हा खेळ आहे, देऊळ नाही, असं त्यानं तिला सुनावलं. मग तिनं सांगितलं ते असं. एमएस्सीसाठी पुण्यातल्या एका कॉलेजच्या यादीत तिचं नाव लागलं होतं. प्रवेशाची शेवटची तारीख येत्या शनिवारची होती. वडिलांनी गावच्या देवाला कौल लावला, डावी पडली, विषय संपला. इथवर तिची तक्रार नव्हती. पण आदल्या उन्हाळ्यात भावाच्या बोअरसाठी त्याच देवाला एकाच सकाळी तीन कौल लावले गेले होते. दोनदा डावी पडली, तिसऱ्यांदा उजवी. पूजेचं ताट तिनंच धरलं होतं.

आम्ही ऐकून घेतलं आणि नियमावर मत घेतलं. तीन विरुद्ध एक. तीन फेकींनी रंगत येईल असं वाटून मीही हात वर केला. खोडलेली ओळ मी खाली पुन्हा सुवाच्य अक्षरात लिहिली. तिनं ती वाचली.

"चालंल. मग माझे दोन राह्यलेत."

घरी जाऊन तिनं वडिलांना तेच सांगितलं: दादाला तीन, तर मलाही तीन. पुढच्या रविवारी ती आली आणि एसटीच्या वेळा सांगाव्यात तशा आवाजात तिनं पुढचं सांगितलं. बुधवारी वडील तिला देवळात घेऊन गेले. दुसऱ्या कौलाला उजवी पडली. ती पाया पडायला वाकली तेवढ्यात वडील पुजाऱ्याला म्हणाले, "एक डावी, एक उजवी. तिसरा लावून टाका, म्हंजी शंका नको." तिसऱ्याला डावी पडली.

भावाच्या वेळी उजवी पडताच ताट उचललं गेलं होतं. शंका कोणालाच आली नव्हती. दोघांच्याही वाट्याला दोन डाव्या आणि एक उजवी आली. भावाच्या शेतात बोअरची गाडी लागली. तिची कॉलेजातली जागा गेली.

पुढे दूध डेअरीच्या बातमीसाठी न्हावऱ्याला गेलो तेव्हा मी पुजाऱ्याला याबद्दल विचारलं. तो अवघडला नाही. चहा मागवला आणि म्हणाला, "बोअर अडली तर पीक जातं, साहेब. पोरीचं काय अडतंय?" त्याचं वाक्य मी जसंच्या तसं लिहून पाठवलं. ही बातमी होत नाही, असं मला कार्यालयातून कळवण्यात आलं. डेअरीची छापून आली.

त्या रविवारी मात्र तिचं सांगून झाल्यावर गोष्ट सांगणाऱ्यानं खोडरबर घेतला आणि तीन कौलांची ओळ पुसायला लागला.

"राहू दे," ती म्हणाली. "थांब कुणी म्हणायचं, ते लिहायचं राह्यलंय. तेवढं लिहा."

तिनं सांगितलं तसं मी लिहिलं: ज्याचा प्रश्न, त्यानंच थांब म्हणावं. या वेळी मत घेतलं नाही. त्या दिवशी खेळात दैवाचा पुजारी तीच झाली. प्रवेशाची मुदत आदल्या दिवशी संपली होती.