कंचनबाईंचे शेरे

वाशिमात पाटणी चौकाच्या मागे जवरीलालजींचं कापडाचं दुकान आहे. खाली दुकान, वर घर. माणूस भला, पण दुसऱ्याचं ऐकेल तर शपथ! त्या हट्टापायी त्यांनी बायकोचं काय करून ठेवलं, ते ऐका.

कंचनबाईंना वाचनाचं भारी वेड. बारीक अक्षर दिसेना, तेव्हा मुलानं, जिनेशनं, कॉम्प्युटरवर ई-पुस्तकं लावून दिली. अक्षर हवं तेवढं मोठं करा! पण अकोल्याच्या डॉक्टरांनी सांगून टाकलं, नजर जाणार, डोळ्यांना ताण देऊ नका. बाई कसल्या ऐकतात! एकेक पुस्तक पुन्हा चाळायच्या आणि यादीत त्याच्या नावाखाली शेरा लिहायच्या. 'हे मले पर्युषणात वाचून दाखवा.' 'पह्यला भाग सोडून द्या, बोर हाये.' 'जिनेश पोटात होता तवाचं. हळू वाचा.' नजर गेल्यावरची शिदोरी बांधून ठेवत होत्या बिचाऱ्या.

दुकानातल्या आणि घरातल्या, दोन्ही कॉम्प्युटरवर पुस्तकं दिसावीत म्हणून जिनेशनं वायफायला जोडायचा ड्राइव्ह आणला. बजावलंही, "बाबूजी, पुस्तकं ड्राइव्हवर ठेवा, पन यादी आन् शेऱ्यांची फाइल मम्मीच्याच कॉम्प्युटरमधी राहू द्या. लिहिता लिहिता मधीच वायफाय तुटलं तं फाइल बिघडते."

"वा रे वा! माल एकीकडं आन् हिशेब दुसरीकडं? असा धंदा आमी केला नाही कधी."

पोरगा पुण्याला परतला, तशी यांनी ती फाइलही ड्राइव्हवर टाकली. ड्राइव्ह दुकानातल्या कपाटात, वर कुलूप. घ्या!

जैनांचं, सूर्य मावळायच्या आत जेवायचं घर. उजेड असतानाच दुकान वाढवायचं, शटर ओढण्याआधी मेन स्विच पाडायचा, ही जन्माची सवय. तोवर बाईंचा कॉम्प्युटर रोज बंद झालेला असे. एक दिवस शेरा लांबला. वर घराचं मीटर वेगळं, त्यामुळे त्या लिहीतच होत्या. खाली यांनी खटकन स्विच पाडला आणि कपाटातला ड्राइव्ह मधेच बंद पडला.

सकाळी दुकानातल्या कॉम्प्युटरनं विचारलं, यादी बिघडली आहे, नवी करू का? शेठजींनी बिनधास्त 'हो' दाबलं. नवी झाली, कोरी! जपून ठेवलेली दुसरी प्रत त्याच ड्राइव्हवर होती. तिच्यावरही आपोआप कोरीच जाऊन बसली.

"पुस्तकं सारी हायेत बाबूजी," फोनवर जिनेशचा आवाज पडला. "मम्मीनं लिवलेलं गेलं."

मग काय, ड्राइव्ह पिशवीत घालून जवरीलालजी अकोल्याला गेले, अमरावतीला गेले. जो तो दुरुस्तीवाला 'परत येत नाही' म्हणून मान हलवायचा. चोरानं लुटलं असतं तर बोंब तरी मारता आली असती! गिऱ्हाईकापुढे कापडाचं थान उलगडायचे आणि भाव सांगायचाच विसरायचे. बायकोला सांगायची हिंमत होईना. एव्हाना तिची नजर गेली होती, पडद्यावर नुसता पांढरा उजेड दिसायचा, म्हणून तिलाही कळलं नाही.

पर्युषण लागलं, उपासांचे आणि ग्रंथ वाचायचे दिवस. कंचनबाई हात चाचपत खुर्चीवर येऊन बसल्या. "आता तुमी वाचा. माहा शेरा आंधी, मंग पुस्तक."

कोऱ्या जागेकडे बघत जवरीलालजी म्हणाले, "ग्रंथ फारच सुंदर आहे. अवश्य वाचावा."

बाई म्हणाल्या, "असं म्या कायले लिहीन? हे तं पुस्तकाच्या पाठीवर लिवतात." मग हळूच, "दुसऱ्या पुस्तकाचा वाचा."

यांनी नुसताच माउस खटखट दाबला.

"अवो, काहीच नाही राह्यलं का?"

"नाही राह्यलं, कंचन. म्या घालवलं. जिनेशनं सांगतलं होतं, म्या आयकलं नाही," आणि हा एवढा मोठा माणूस लेकरासारखा रडायला लागला.

बाई रडल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. पडद्याच्या उजेडाकडे त्यांनी तोंड वळवलं. म्हणाल्या, "डॉक्टर म्हने डोये जपा. म्या नाही जपले. मंग मले सांगा, कायले खर्चले म्या माहे डोये?"